रंगांचं सोंग, जनुकांचं गोत

तीन प्राणी एकमेकांशेजारी ठेवून पाहू. पहिली, मृगाच्या पावसानंतर मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त करणारी शंखी गोगलगाय. दुसरी एलिसिया: उथळ समुद्रात शेवाळावर राहणारी, हिरवीगार, पसरट, अंगावर शंखाचा मागमूसही नसलेली. तिसरा न्यूडिब्रँक: तोही समुद्रातला, तोही बिनशंखाचा, अंगावर भडक रंग आणि पाठीच्या मागच्या टोकाला उघड्या कल्ल्यांचा झुबका. यांतले जवळचे नातेवाईक ओळखा म्हटलं, तर कुणीही दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी लावेल. प्राणिशास्त्रानंही दीडशेहून अधिक वर्षं हीच जोडी लावली होती. ती चुकली होती. एलिसिया न्यूडिब्रँकपेक्षा शेतातल्या गोगलगायीला जवळची आहे, आणि हे नीट समजायला २०१० साल उजाडावं लागलं.

सागरी स्लग हे एका कुळाचं नावच नाही. ज्यांनी शंख पूर्ण टाकून दिला, किंवा लहान करत करत अंगात दडवला, अशा समुद्री गोगलगायींच्या वेगवेगळ्या घराण्यांना आपण मिळून सागरी स्लग म्हणतो. त्यांत न्यूडिब्रँक आहेत, आणि एकट्या त्यांच्याच ज्ञात जाती तीन हजारांच्या घरात जातात. शेवाळाच्या पेशीला भोक पाडून आतला रस शोषणारे सॅकोग्लोसा आहेत, एलिसिया त्यांतली. मोठे, गुबगुबीत सी-हेअर आहेत, ज्यांच्यातल्या अ‍ॅप्लिसियावर स्मृतीचा अभ्यास करून एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. वाळूत घुसणारे, डोक्यावर ढालीसारखा चपटा भाग असलेले सेफॅलॅस्पिडिया आहेत. आणि वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत आयुष्य काढणारे, दोन-तीन मिलिमीटरचे अ‍ॅकोक्लिडियाही आहेत.

या सगळ्यांना एका छत्राखाली आणलं ते आंरी मिल्न-एदवार या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं, १८४८ मध्ये. त्यानं पाहिला तो कल्ला. साध्या समुद्री गोगलगायीत कल्ला हृदयाच्या पुढे असतो, कारण अळी-अवस्थेतच तिच्या शरीराला १८० अंशांचा पीळ पडतो आणि मागचे अवयव डोक्यावर येतात. सागरी स्लगांत हा पीळ उलगडलेला दिसतो आणि कल्ला हृदयाच्या मागे जातो. म्हणून मिल्न-एदवारनं त्यांचं नाव ठेवलं ओपिस्थोब्रँकिया, म्हणजे मागे कल्ले असलेले. फुप्फुसानं श्वास घेणाऱ्या गोगलगायींचा पल्मोनाटा हा गट वेगळा राहिला. जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या अनेक गोगलगायी या दुसऱ्या गटातल्या. मांडणी इतकी सुटसुटीत होती, की विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पाठ्यपुस्तकांत ती तशीच राहिली.

शंका घेणारे अर्थात होते. १९८४ मध्ये टेरेन्स गॉसलिनर आणि मायकेल गिसेलिन या दोघांनी स्पष्ट लिहिलं, की सागरी स्लगांत तोच तो बदल पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे घडलेला दिसतो: शंख लहान होणं, पीळ उलगडणं, शरीर लांबट होणं. असं असेल तर या खुणांवरून नातं ठरवणं धोक्याचं आहे. मला हा इशारा फार मोलाचा वाटतो, कारण तो शरीररचनेच्याच अभ्यासातून आला होता. स्लगांची चिरफाड करणाऱ्यांनाच सगळ्यात आधी कळलं होतं, की शरीर काही बाबतींत फसवतं आहे. मात्र कुठल्या बाबतींत, हे ठरवायला त्यांच्याजवळ शरीराबाहेरचा पुरावा नव्हता.

शंख टाकणं ही सोपी गोष्ट नाही. गोगलगायीचा शंख म्हणजे तिचं संरक्षण. न्यूडिब्रँकच्या अळीला आजही वेटोळा शंख असतो, त्याला बंद करायला झाकणही असतं. तळावर उतरून प्रौढ होताना ती दोन्ही टाकून देते. म्हणजे पूर्वज शंखवाले होते याची नोंद प्रत्येक पिढीत नव्यानं होते. पण शंख टाकून जगायचं तर बचावाची दुसरी सोय लागते, आणि ती प्रत्येक घराण्यानं आपापल्या परीनं केली. कुणी स्पंजांतलं विष साठवलं. कुणी समुद्रफुलांच्या डंखपेशी न पचवता पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांत नेऊन ठेवल्या आणि स्वतःसाठी वापरल्या. सॅकोग्लोसांनी शेवाळातली रसायनं घेतली, काहींनी तर शेवाळातले हरितलवकही जिवंत ठेवून अंगात सांभाळले.

सॅकोग्लोसांची एक हकीकत इथे सांगायलाच हवी. दोन शिंपांची काही इवलीशी कोरडी कवचं संग्रहालयांत होती. त्यांची नोंद शिंपल्यांच्या वर्गात होती, आणि दोन शिंपा म्हटल्यावर दुसरी कुठे होणार? १९५९ मध्ये जपानच्या तामानो इथे सिरो कावागुती आणि किकुतारो बाबा यांना कॉलर्पा या शेवाळावर तसाच प्राणी जिवंत सापडला. दोन शिंपांमधून चक्क गोगलगायीचं डोकं बाहेर आलेलं होतं, त्यावर स्पर्शिका होत्या, आणि तो शेवाळावर सरपटत होता. तो सॅकोग्लोसा निघाला. केवळ कवचावर भिस्त ठेवली तर प्राण्याचा सबंध वर्गच चुकू शकतो, हे या प्रकरणानं दाखवलं. त्या वेळी उत्तर मिळालं, कारण प्राणी जिवंत सापडला. पण सगळे अवयव समोर असूनही उत्तर मिळत नसेल तर?

तिथे जनुकं कामाला येतात, आणि ती नेमकी कशी कामाला येतात हे पोथ्यांच्या परंपरेतून चांगलं समजतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तेव्हा नकलांमध्ये शिरलेले अपपाठ त्यांच्यापुढे होते. नक्कल करताना झालेली चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध शब्द सारखाच आहे, यावरून त्या एकमेकींच्या जवळच्या ठरत नाहीत. तो शब्द तर सगळ्यांकडेच असायला हवा. दोघींत एकच विशिष्ट चूक असेल, तर मात्र त्या एका मधल्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात असं मानायला जागा आहे. एखादी चूक दोन लेखनिकांकडून योगायोगानंही होऊ शकते. शेकडो चुका तशा होत नाहीत. डीएनएच्या नकलांनाही हाच न्याय लागू पडतो. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं आणि वारसांत टिकून राहतं. कुणाकुणात कुठले बदल सामाईक आहेत हे मांडलं, की वंशवृक्ष उभा राहतो.

प्रत्यक्ष काम असं चालतं. प्राण्याचे जिवंतपणी फोटो काढतात, मग पायाचा किंवा पाठीवरच्या उंचवट्याचा तांदळाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मालिन चालत नाही. शरीराचा आकार त्यात छान टिकतो, पण डीएनएची मोडतोड होते. जुन्या संग्रहांतले कितीतरी नमुने याच कारणानं जनुकीय अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी ठरतात. तुकड्यातून डीएनए वेगळा काढून त्यातला ठराविक भाग पीसीआरनं लाखो पटींनी वाढवतात. बहुतेक वेळा सुरुवात होते ती सीओआय या मायटोकाँड्रियातल्या जनुकाच्या ६५८ अक्षरांच्या तुकड्यापासून. तो पकडणारे प्रायमर फोल्मर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिले आणि तेच प्रायमर गांडुळापासून गोगलगायीपर्यंत बहुतेक अपृष्ठवंशीयांना चालतात. २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी हाच तुकडा प्राण्यांचा बारकोड म्हणून वापरावा असं सुचवलं. हा तुकडा भराभर बदलतो, म्हणून जवळच्या जाती वेगळ्या काढायला तो उत्तम. कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेल्या फांद्या शोधायला मात्र सावकाश बदलणारी जनुकं लागतात: रायबोसोमची १८एस आणि २८एस, हिस्टोन एच-३, आणि अलीकडे तर एका वेळी शेकडो जनुकं.

२०१० मध्ये म्युनिकच्या काटारिना योर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या कणांत राहणाऱ्या अ‍ॅकोक्लिडियाचं मूळ शोधायला असा वृक्ष मांडला. प्रश्न एका छोट्या, दुर्लक्षित गटाचा होता. उत्तरानं सगळी मांडणीच हलवली. अ‍ॅकोक्लिडिया आणि सॅकोग्लोसा, दोन्ही घराणी न्यूडिब्रँकांजवळ न बसता पल्मोनाटांमध्ये जाऊन बसली. त्यांच्यासह तयार झालेल्या मोठ्या गटाला पॅनपल्मोनाटा हे नाव मिळालं. त्यात बागेतली गोगलगाय आहे, गोड्या पाण्यातल्या अनेक गोगलगायी आहेत, कोकणातल्या खडकांवर भरती-ओहोटीत चिकटून राहणारी, टोपीसारख्या शंखाची सिफोनॅरिया आहे, आणि हिरवी एलिसियाही आहे. सी-हेअर आणि ढालवाले स्लग यांचा वेगळा गट झाला. न्यूडिब्रँक आणि त्यांचे भाईबंद प्लुरोब्रँक, ज्यांचा कल्ला शरीराच्या उजव्या बगलेत असतो, यांचा तिसरा. पुढच्याच वर्षी मिखाएल श्र्योडल आणि सहकाऱ्यांनी एका लेखाच्या शीर्षकातच ओपिस्थोब्रँकियाला रामराम ठोकला. २०१३ मध्ये शेकडो जनुकांच्या आधारे केलेल्या अभ्यासानंही पॅनपल्मोनाटा गटाला दुजोरा दिला.

या बदलाचं महत्त्व यादीतल्या खाडाखोडीपुरतं नाही. वृक्ष बदलला की इतिहासही बदलतो. ओपिस्थोब्रँकिया हे एक घराणं होतं तोवर शंख टाकण्याची कथा एकच होती: एका पूर्वजापासून हळूहळू उतरत गेलेली. आता दिसतं, की शंख लहान होणं, कल्ला मागे जाणं, पीळ उलगडणं या गोष्टी निरनिराळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या वेळी घडल्या. न्यूडिब्रँकांनी शंख टाकला तो स्वतंत्रपणे, एलिसियाच्या पूर्वजांनी स्वतंत्रपणे, आणि जमिनीवरच्या बिनशंखाच्या स्लगांनीही स्वतंत्रपणे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: गोगलगायीच्या वंशात असं काय आहे की शंखाविना जगण्याची वाट पुन्हा पुन्हा सापडते? हा प्रश्न आधी विचारताच येत नव्हता, कारण घटना एकदाच घडली असं गृहीत होतं.

आता या खोल फांद्या सोडून टोकांकडे येऊ. फसवणूक इथे जास्त आहे, आणि ती करणारा आहे रंग.

उष्ण समुद्रात पोहणाऱ्यांना क्रोमोडोरिडिडी हे न्यूडिब्रँकांचं कुळ ओळखीचं असतं: निळ्या-काळ्या पट्ट्यांचे, नारिंगी किंवा पिवळ्या काठाचे, लाल ठिपक्यांचे, जांभळे. जुने वर्णनकार याच रंगांवर जाती पाडत. त्यांचीही अडचण होती. स्पिरिटच्या बाटलीत काही दिवसांत रंग उडून जातात आणि मागे राहतो तो पांढुरका गोळा, म्हणून जिवंतपणी काढलेलं रंगीत चित्र हाच मुख्य आधार. आणि तोच आधार कच्चा निघाला.

कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या रिबेका जॉन्सन आणि टेरेन्स गॉसलिनर यांनी २०१२ मध्ये या कुळाचा वृक्ष मांडला. क्रोमोडोरिस या एका वंशनामाखाली अनेक असंबद्ध शाखा कोंबलेल्या आहेत, असं त्यात दिसलं. त्यांतल्या हिंद-प्रशांत महासागरातल्या बऱ्याच जाती गोनिओब्रँकस या जुन्या, मोडीत निघालेल्या नावाखाली गेल्या. हिप्सेलोडोरिसची गोष्ट आणखी लक्षणीय आहे. अटलांटिक आणि पूर्व प्रशांत महासागरातले हिप्सेलोडोरिस हिंद-प्रशांतातल्या आपल्या नामबंधूंपासून वेगळे पडले. त्यांना फेलिमारे हे नाव मिळालं. अटलांटिक आणि पूर्व प्रशांत यांच्यामध्ये आज पनामाची भूमी आहे, पण ती सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी सलग झाली. त्याआधी तिथे समुद्र होता. म्हणजे अंगावरच्या नक्षीपेक्षा नकाशा नात्याबद्दल जास्त खरं सांगत होता.

मग नक्षी कशाबद्दल सांगते? ती भक्षकाशी बोलते. क्रोमोडोरिसच्या जाती स्पंज खातात आणि त्यातलं विष साठवतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्रोमोडोरिसच्या जवळच्या पाच जाती तपासल्या, तर पाचही जातींच्या अंगाच्या काठावर लॅट्रनक्युलिन-ए हे एकच विषारी द्रव्य साठवलेलं आढळलं. आतल्या अवयवांत मात्र इतरही द्रव्यं होती. मासा पहिला चावा जिथे घेण्याची शक्यता जास्त, तिथेच जालीम माल ठेवलेला. अशा वेळी शेजारच्या सगळ्या विषारी जातींनी एकच वेश घेणं फायद्याचं असतं. माशाला धडा एकदाच शिकावा लागतो. आणि ज्याच्याजवळ विष नाही त्यालाही तोच वेश घेऊन सुटका करून घेता येते. ऑस्ट्रेलियाच्या बिल रुडमन यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं, की एका भागातल्या वेगवेगळ्या जाती एकच रंगसंगती वापरतात. गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस या लाल ठिपक्यांच्या जातीवर २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगांत ट्रिगरफिश ठिपक्यांपेक्षा पिवळ्या काठाकडे लक्ष देतात असं दिसलं. समुद्रात या जातीचे ठिपके जागोजागी बदलतात, काठ मात्र बदलत नाही. माशाची नजर ज्यावर असते तेवढं टिकतं, बाकीचं मोकळं सुटतं.

याचा अर्थ वर्गीकरणकारासाठी वाईट आहे. २०१८ मध्ये कॅरा लेटन, गॉसलिनर आणि नेरिडा विल्सन यांनी क्रोमोडोरिसचा डीएनए तपासला, तर एकाच जातीत अनेक वेश आणि एकाच वेशात अनेक जाती, असा दुहेरी गोंधळ दिसला. प्राणी आपल्या जातीपेक्षा आपल्या परिसरातल्या दुसऱ्या जातीसारखा रंगलेला. त्याच वर्षी हॅना एपस्टीन आणि सहकाऱ्यांनी हिप्सेलोडोरिसच्या एकदम १७ नव्या जातींचं वर्णन केलं. त्यातल्या एका जातीचे प्राणी दोन इतक्या निराळ्या रंगांत आढळतात की पूर्वीच्या पद्धतीनं त्यांच्या दोन जाती झाल्या असत्या. जनुकांनी त्यांना एकत्र ठेवलं आणि जातीला इबा, म्हणजे फिलिपिनो भाषेत वेगळा, हे नाव मिळालं.

नाव चुकलं तर बिघडतं काय, असं कुणी विचारेल. त्याला उत्तर आहे हर्मिसेंडा.

हर्मिसेंडा क्रासिकॉर्निस हा उत्तर प्रशांत महासागरातला देखणा न्यूडिब्रँक, पाठीवर नारिंगी-तपकिरी उंचवटे आणि अंगावर निळसर चमकत्या रेघा. डॅनिएल अल्कॉन आणि इतरांनी १९७० च्या दशकापासून त्याच्यावर स्मृतीचे प्रयोग केले: प्रकाश दाखवायचा आणि त्याच वेळी प्राण्याला गोल फिरवायचं. हर्मिसेंडा स्वभावतः प्रकाशाकडे जातो. पण प्रकाशाबरोबर गरगर फिरण्याचा अनुभव जोडला गेला की त्याचं प्रकाशाकडे जाणं मंदावतं. हे शिकणं नेमक्या कुठल्या चेतापेशीत नोंदलं जातं, याचा माग अनेक प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं काढला. सगळ्यांच्या लेखांत प्राण्याचं नाव एकच.

२०१६ मध्ये टॅबिथा लिंडसे आणि आंखेल वाल्देस यांनी अलास्कापासून मेक्सिकोपर्यंतचे आणि जपान-रशियाकडचे हर्मिसेंडा गोळा करून तीन जनुकं वाचली. नावाखाली तीन जाती निघाल्या. खरा क्रासिकॉर्निस उत्तरेचा. एश्शोल्ट्झनं १८३१ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं ते अलास्कातल्या सिट्का इथल्या प्राण्यावरून. कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच किनाऱ्यावरचा प्राणी वेगळा, त्याला १८६० च्या दशकात ओपालेसेन्स हे नाव दिलं गेलं होतं आणि नंतर ते समानार्थी समजून बाजूला पडलं होतं. पश्चिम प्रशांतातला तिसरा. त्याला १९३७ मध्ये एमुराय हे नाव देणारे होते तेच किकुतारो बाबा. तिन्ही नावं आधीपासून कागदावर होती. एकाही नव्या नावाची गरज पडली नाही. शिवाय जनुकांनी जाती वेगळ्या दाखवल्यावर पुन्हा प्राण्याकडे पाहिलं, तर फरक डोळ्यांनाही दिसला: क्रासिकॉर्निसच्या पाठीवरच्या उंचवट्यांवर उभी पांढरी रेघ असते, ओपालेसेन्समध्ये पांढरा रंग फक्त टोकाशी. हजारो लोकांनी हा प्राणी हाताळला होता.

आता जुना प्रयोग वाचणाऱ्याला आधी शोधावं लागतं, की प्राणी कुठल्या किनाऱ्यावरून आणला होता. कॅलिफोर्नियातून आणलेला असेल तर तो बहुधा ओपालेसेन्स. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नसतील, तर त्याचं कारण जातीत असू शकतं. आणि हा एकटाच अपवाद नाही. २०१३ मध्ये पॅट्रिक क्रुग आणि सहकाऱ्यांनी सॅकोग्लोसांची तीन नावं तपासली. एक नाव औषधशोधामुळे प्रसिद्ध होतं, दुसरं हरितलवक सांभाळण्यामुळे आणि तिसरं उपद्रवी शेवाळ आवरण्यासाठी सुचवलं गेल्यामुळे. त्या तीन नावांखाली वीस संभाव्य जाती दिसल्या. औषधी द्रव्य देणारी जात नेमकी कोणती, हे माहीत नसताना ते पुन्हा कुठे शोधायचं?

हरितलवकांची गोष्ट निघालीच आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया क्लोरोटिका शेवाळातून घेतलेली लवकं महिनोन् महिने चालू ठेवते. ती कशी चालतात, याचं एक आकर्षक स्पष्टीकरण २००८ मध्ये मांडलं गेलं: शेवाळाचं एक जनुक स्लगच्या स्वतःच्या डीएनएत शिरलेलं आहे. पुढे अंड्यांतला डीएनए वाचला, मग पूर्ण जीनोम वाचले गेले. २०२१ मध्ये प्लाकोब्रँकस या दुसऱ्या लवकं-साठव्या स्लगच्या जीनोममध्येही शेवाळाची अशी जनुकं सापडली नाहीत. आज पुरावा त्या स्पष्टीकरणाच्या विरुद्ध आहे. कल्पना सुंदर होती, म्हणूनच ती इतक्या कसोशीनं तपासली गेली हे मला महत्त्वाचं वाटतं.

जनुकांच्या बाजूनं इतकं लिहिल्यावर त्यांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. पूर्वी कधी दोन जातींत संकर झाला असेल, तर एका जातीच्या अंगात दुसरीचा मायटोकाँड्रिया सापडू शकतो आणि एकट्या सीओआयवर विसंबणारा सपशेल फसतो. म्हणून केंद्रकातली जनुकं सोबत लागतात. किती टक्के फरक म्हणजे वेगळी जात, याची सगळीकडे चालणारी एक रेषा नाही. आणि वृक्ष निश्चित झाला, तरी त्याच्या फांद्या कुठे तोडून नाव द्यायचं हा निर्णय माणसाचाच असतो. २०१७ मध्ये फ्लॅबेलिनिडी या कुळाची अनेक कुळांत आणि वंशांत फाळणी झाली; ती करणाऱ्यांचा वृक्ष पटणाऱ्यांनाही इतकी नावं गरजेची होती का, असा प्रश्न पडला. मी स्वतः कमी नावांच्या बाजूचा आहे. नाव हे शेवटी माणसांनी एकमेकांना प्राणी सांगण्यासाठी असतं, आणि दर दोन वर्षांनी बदलणारं नाव ते काम करू शकत नाही.

सगळ्यात अवघड परीक्षा घेतली ती पोंटोहेडीलनं. हा वाळूच्या कणांमधला इवला अ‍ॅकोक्लिडिया. जगभरच्या किनाऱ्यांवर त्याच्या दोनच जाती मानल्या जात होत्या. जनुकांनी त्यांत कितीतरी वेगळ्या शाखा दाखवल्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली भरवशाचा फरक काही सापडेना. २०१३ मध्ये योर्गर आणि श्र्योडल यांनी धाडस करून नऊ नव्या जातींचं वर्णन केलं आणि जातीची ओळख म्हणून डीएनएतल्या ठराविक जागांवरची ठराविक अक्षरं दिली. मला हे योग्य वाटतं. जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे जात नाकारणं म्हणजे आपल्या डोळ्यांच्या मर्यादेला निसर्गाची मर्यादा समजणं. पण हा शेवटचा उपाय आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या निळ्या ग्लॉकस मार्जिनेटसचं २०१४ मध्ये चार जातींत विभाजन झालं, तेव्हा जनुकांनी सुचवलेल्या जातींच्या प्रजनन-अवयवांतही फरक सापडले. हर्मिसेंडाची पांढरी रेघ तशीच. जनुकांनी सांगितल्यावर शरीराकडे परत जाणं, हेच या अभ्यासातलं सर्वांत सकस काम आहे.

भारतात हे काम आता उभं राहू लागलंय. २००९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दीपक आपटे यांनी लक्षद्वीपच्या स्लगांची सूची छापली. तिच्यात भारतासाठी ४० नव्या नोंदी होत्या. एका द्वीपसमूहात इतक्या नव्या नोंदी मिळतात, यावरून आपल्या किनाऱ्याकडे किती कमी पाहिलं गेलं होतं हे कळतं. २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून क्रेटेना या वंशाच्या दोन नव्या जातींचं वर्णन झालं, तेही शरीररचना आणि जनुकं एकत्र तपासून. २०२३ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधलं दिघा आणि ओडिशातलं उदयपूर इथल्या ओल्या वाळूतून ढालवाल्या स्लगची एक नवी जात नोंदवली: सात मिलिमीटरपर्यंत लांबीची, काळपट, मागच्या टोकाला माणकासारखा लाल ठिपका. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यावरून तिचं नाव मेलानोक्लॅमिस द्रौपदी ठेवलं. ही जात वेगळी आहे हे ठरवताना जनुकीय पुरावाही वापरला गेला. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातले लोक ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन स्लगांचे फोटो काढून नोंदी करतात. त्या फोटोंना काही ठिकाणी तरी ऊतींच्या नमुन्यांची जोड मिळायला हवी, कारण फोटोत रंग असतो, आणि रंगाचं काय होतं ते वर पाहिलंच.

आपल्या किनाऱ्यांचं यात एक खास काम आहे. १८६४ मध्ये जोशुआ आल्डर आणि अ‍ॅल्बनी हॅनकॉक यांनी इंग्लंडमध्ये बसून भारतातल्या न्यूडिब्रँकांवर एक मोठा लेख लिहिला. संग्रह होता मद्रास इलाख्यातले अधिकारी वॉल्टर एलियट यांचा, भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्या लेखात अनेक जाती पहिल्यांदा नाव घेऊन आल्या. त्यांतलाच एक कलिंगा ऑर्नाटा, ज्याच्या वंशाला त्या किनाऱ्याचंच नाव मिळालं. पुढे हे नाव जपान आणि ऑस्ट्रेलियाकडच्या प्राण्यांनाही लावलं गेलं. ते सगळे एकाच जातीचे असतील, किंवा हर्मिसेंडासारखे तीन असतील. तीन निघाले, तर मूळ नाव कुणाकडे राहणार हे वर्गीकरणाच्या नियमानुसार ठरलेलं आहे: पहिला नमुना जिथला, तिथल्या जातीकडे. त्यासाठी विशाखापट्टणमच्या आसपासच्या समुद्रातला ताजा प्राणी लागेल, त्याचे जिवंतपणीचे फोटो, शुद्ध अल्कोहोलमधला एक तुकडा, आणि तिन्हीवर तारीख-ठिकाणाची एकच चिठ्ठी.